बरं असतानाच एक कागद लिहून ठेवा

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या मानसिक आजाराचा त्रास असलेल्या माणसाला अचानक दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा निर्णय बहुतेकदा समोर हजर असलेला नातेवाईक घेतो. तो माणूस रुग्णाच्या विश्वासातला असेलच असं नाही. यावर उपाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये आहे, पण फार थोड्यांना तो माहीत असतो.

तब्येत ठीक असताना साध्या कागदावर लिहा : ‘माझ्या उपचारांबाबत अमुक व्यक्ती माझी नामनिर्देशित प्रतिनिधी असेल.’ सही किंवा अंगठा करा. स्टॅम्पपेपर लागत नाही. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची लेखी संमती घ्या. नातेवाईकच हवा असंही नाही, जिवलग मैत्रीणही चालते. मन बदललं तर नाव केव्हाही बदलता येतं. एक प्रत प्रतिनिधीकडे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवा.

रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायची वेळ आली, तर कलम ८९ नुसार अर्ज हाच प्रतिनिधी करतो. दोन तज्ज्ञांनी रुग्णाला वेगवेगळं तपासावं लागतं आणि हा मुक्काम जास्तीत जास्त ३० दिवसांचा. पुढे ठेवायचं तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया आहे. दाखल करणं पटलं नाही, तर रुग्ण किंवा प्रतिनिधी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो, वकीलही मोफत मिळतो. साखळीनं बांधणं आणि भूल न देता शॉक देणं, दोन्हींवर बंदी आहे. हे घरच्यांनाही आजच सांगा.