डावखुऱ्या मुलाला गिटार शिकवताय? या चुका टाळा

"सर, आमची मुलगी डावखुरी आहे. तिला उजव्या हाताने शिकवणार की डाव्या?" हा प्रश्न पालक विचारतात खरा, पण बहुतेक वेळा क्लासच्या पहिल्या दिवशी, नवी गिटार पिशवीतून काढता काढता. गिटार घेण्याआधी तो विचारला असता तर पुढचा बराच त्रास वाचला असता. म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो: ज्या हाताला ठेका धरता येतो, तो हात तारा छेडायला, दुसरा हात फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपाशी तारा दाबायला. मूल कुठल्या हाताने लिहितं, दुकानात कुठली गिटार टांगलेली आहे, शिक्षकाला काय सोयीचं आहे, हे सगळं त्यानंतर.

लिहिण्याचा हात पाहून ठरवणं

सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करायचा, बोलिंगही उजव्याच हाताने, आणि सही मात्र डाव्या हाताने करतो. असं अनेक मुलांचं असतं. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, पण त्यातही सगळं काही डाव्यानेच करणारी मुलं वेगळी आणि कामागणिक हात बदलणारी वेगळी. त्यामुळे 'डाव्याने लिहितो, म्हणजे डावी गिटार' (डाव्या हाताने छेडायची) हेही घाईचं आणि 'लिहितो डाव्याने, पण गिटार उजव्याने शिकेल की' हेही घाईचंच.

घरच्या घरी तपासता येतं. मुलाला काही न सांगता बॅडमिंटनची रॅकेट द्या आणि म्हणा, ही गिटार आहे, वाजवून दाखव. आधी तुम्ही धरून दाखवू नका, कारण मूल नक्कल करतं. आरतीला टाळ हातात दिले की कुठला हात स्थिर राहतो आणि कुठला आपटतो ते पाहा. गाणं लावून टेबलावर एका हाताने ठेका धरायला सांगा, मग दुसऱ्या हाताने; कुठला हात लवकर घसरतो ते लगेच ऐकू येतं. बॉल कुठल्या हाताने फेकतो, ब्रश कुठल्या हाताने करतो, हेही बघा. कात्रीवरून मात्र काही ठरवू नका. घरातली कात्री उजव्या हातासाठीच बनवलेली असते, डावखुरी मुलंही ती नाइलाजाने उजव्या हातात धरायला शिकतात.

यानंतर खरी गिटार. मित्राची, क्लासमधली, कुणाचीही चालेल. फ्रेटवर काही दाबायचं नाही, तारांवर हात नुसता ठेवून आवाज बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने खाली-वर, खाली-वर स्ट्रम करायचं, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवायचा. दहा मिनिटं एका बाजूने, दहा मिनिटं दुसऱ्या बाजूने. एका दिवसात निकाल लावू नका. दोन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी करा. मूल पाच-सहा वर्षांचं असेल आणि अजून दोन्ही हातांनी कामं करत असेल तर थांबा. गिटार सहा महिने उशिरा आल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

'फ्रेटवरचं काम अवघड, मग डावा हात तिथेच बरा'

हा युक्तिवाद मी शिक्षकांकडूनही ऐकतो. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांसाठी एकाच वेळी अनेक तारा दाबणं) धरणं कठीण, डावखुऱ्याचा डावा हात तरबेज, म्हणजे उजव्या गिटारवर त्याला उलट फायदाच. ऐकायला पटतं. पण ते खरं असतं तर उजव्या हाताच्या लोकांनी केव्हाच गिटार उलटी धरली असती.

पहिले तीन-चार महिने फ्रेटवरच्या हाताचीच बोटं दुखतात, त्याच हाताला कॉर्ड सापडत नाही, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं. पुढे वादकाचा कस लागतो तो छेडणाऱ्या हातात: लय, जोर, हळुवारपणा, सहापैकी नेमकी कुठली तार वाजवायची आणि कुठली सोडायची. फ्रेटवरचं बोट क्षणभर आधी पोहोचलं तरी चालतं. छेडणाऱ्या हाताला आधी किंवा नंतर असं काही चालत नाही, कारण सूर उमटतो तो त्याच क्षणी.

बीटल्सचा पॉल मॅकार्टनी डावखुरा. 1956 च्या सुमारास, चौदा वर्षांचा असताना त्याने वडिलांनी दिलेला ट्रम्पेट देऊन त्या बदल्यात गिटार घेतली आणि ती उजव्या हाताने वाजवायला लागला. काही केल्या जमेना. मग डाव्या बाजूने गिटार धरलेल्या स्लिम व्हिटमन या अमेरिकन गायकाचा फोटो त्याच्या पाहण्यात आला आणि आपलं कुठे चुकतंय ते कळलं. तारा उलट्या क्रमाने लावल्यावर गाडी पुढे सरकली.

आता दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डायर स्ट्रेट्स बँडचा गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरा, ब्लूज-रॉकचा गिटारवादक गॅरी मूर डावखुरा, आणि दोघांनीही आयुष्यभर उजवी गिटार वाजवली, तीही अशी की ऐकणाऱ्याला कुठेही उणीव जाणवू नये. ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवादक जवळजवळ सगळे उजव्या हातातच बो (गज) धरतात. त्यांत डावखुरेही असतात. त्यामुळे वरच्या चाचणीत मुलाला दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या, तर मी बिनदिक्कत उजवी गिटार सुचवतो. मित्राच्या घरी, शाळेत, गणपतीच्या कार्यक्रमात, जिथे जाईल तिथे हातात येणारी गिटार वाजवता येते; दुकानात निवड जास्त, जुन्या बाजारात मिळण्याची शक्यताही जास्त. हे फायदे खरे आहेत. पण ज्या मुलाचा डावा हात स्पष्टपणे पुढे धावतो, त्याच्यावर हे फायदे लादू नयेत.

लादण्याबद्दल एक बोलायलाच हवं. आपल्याकडे जेवण उजव्या हाताने, प्रसाद उजव्या हाताने, पैसे द्यायचे तर उजव्या हाताने. डावखुरं मूल लहानपणापासून 'तो हात नको' हे ऐकत मोठं होतं. गिटारच्या क्लासमध्येही तेच ऐकू आलं तर त्याला वाटतं की इथेही आपण चुकीचेच आहोत. मग ते गिटारवर रागावत नाही, स्वतःवर रागावतं. हे मला फार लागतं. शिक्षक म्हणाले, 'माझ्याकडे सगळे उजव्यानेच शिकतात', तर कारण विचारा. 'डाव्याला शिकवायचा मला अनुभव नाही' हे प्रामाणिक कारण आहे. 'तसंच असतं' हे कारण नाही.

उजवी गिटार नुसती उलटी धरणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

घरात दादाची किंवा काकाची गिटार असते. मूल ती उलटी धरतं, तारा तशाच. म्हणजे जाड तार खाली आणि बारीक तार वर. अशा पद्धतीने वाजवणारे मोठे कलाकार झाले आहेत. अमेरिकेच्या एलिझाबेथ कॉटन अशाच वाजवायच्या: खालच्या जाड तारांवर बोटांनी बेस आणि वरच्या बारीक तारांवर अंगठ्याने धून. ब्लूजचा अल्बर्ट किंगही उलट्या तारांवरच वाजवायचा. इतर जण तार वर ढकलून सूर चढवतात, तो ती खाली ओढायचा. पण त्यांनी आपापली वाट स्वतः शोधली. आजच्या मुलाला क्लासमध्ये शिकायचंय. उलट्या तारांवर कुठलाच कॉर्ड चार्ट (बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारं चित्र) लागू पडत नाही, स्ट्रमचा बाजच बदलतो आणि शिकवणाऱ्यालाही पुढे काय सांगावं ते कळत नाही. रॉकचा गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनेसुद्धा उजवी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार उलटी केली, पण तारांचा क्रम बदलून घेतला. जाड तार वरच राहिली.

मग घरीच तारा काढून उलट क्रमाने लावायच्या, असं ठरतं. इथे दुसरी चूक होते. मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात तो छोटा पट्टीसारखा नट असतो, त्याच्या सहा खाचा त्या-त्या तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. स्टीलच्या तारांच्या नेहमीच्या 12-53 सेटमध्ये (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) सर्वांत बारीक तार साधारण 0.3 मिलिमीटर आणि सर्वांत जाड 1.35 मिलिमीटर असते. क्रम बदलला की जाड तार अरुंद खाचेत बसत नाही, वरच राहते. बारीक तार रुंद खाचेत खोल जाते, हलते आणि पहिल्या फ्रेटवर घासून करकरते. मूल म्हणतं, 'माझ्याकडून नीट दाबलं जात नाही.' दोष नटचा असतो आणि बोलणी बोटं खातात.

नट बदलणं मोठं काम नाही. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून ते करून घ्या. स्टीलच्या गिटारवर मात्र तेवढ्याने भागत नाही. ब्रिजवरचा सॅडल, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी, तिरका बसवलेला असतो, जाड तारेची लांबी दोन-तीन मिलिमीटरने जास्त राहावी म्हणून. तारा उलटल्या की तो तिरकेपणा चुकीच्या बाजूला जातो. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर दिसतात, पण सातव्या-बाराव्या फ्रेटकडे गेलं की सगळं बेसूर. आतली लाकडी पट्ट्यांची बांधणीही अशा गिटारमध्ये एका बाजूला झुकलेली असते, पण नवशिक्याने तिची चिंता करू नये. सॅडलची खाच बुजवून नव्याने कापायला लागते, आणि स्वस्त गिटारवर इतका खर्च करण्यात अर्थ नाही.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार या बाबतीत दयाळू आहे. तिचा सॅडल बहुतेक वेळा सरळच असतो आणि तारांच्या जाडीतला फरकही कमी, सुमारे 0.7 ते 1.1 मिलिमीटर. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तशीही तीन-चतुर्थांश आकाराची नायलॉनचीच गिटार द्यावी, बोटांना सोसते. तिचा नट बदलून घेतला की चांगली डावी गिटार तयार होते. एक बारीक गोष्ट: मानेच्या वरच्या कडेला फ्रेट ओळखण्यासाठी जे ठिपके असतात, ते उलट्या गिटारमध्ये खाली जातात, मुलाला दिसत नाहीत. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटशी वरच्या कडेला छोटे स्टिकर लावा. कटअवे (मानेजवळ अंगाला दिलेला खोलगट काप) असलेली किंवा पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला देणारं यंत्र) बसवलेली गिटार उलटवायच्या भानगडीत पडू नका. कटअवे वर येतो आणि बटणं गैरसोयीच्या जागी जातात.

डावी गिटार विकतच घ्यायची तर मुंबईत धोबी तलावच्या दुकानांतसुद्धा आधी फोन करून विचारा. अशी मॉडेलं थोडी असतात आणि पुष्कळदा मागवावी लागतात. ऑनलाइन घेताना लक्षात ठेवा की 'लेफ्ट-हँडेड' गिटारची मान उजव्या हातात येते. डावा हात फ्रेटवर जाईल असं समजून पालक नेमकी नको ती गिटार मागवतात.

चार्ट आणि व्हिडिओ

कॉर्डचा चार्ट डावखुऱ्याने आरशात पाहिल्यासारखा उलटा वाचायचा. सुरुवातीला पालकांनी तो उलटा काढून दिला तर उत्तम, आणि अनेक ॲपमध्ये तशी सोय असते. टॅब (तारांसाठी रेघा ओढून त्यांवर फ्रेटचे आकडे लिहायची पद्धत) उलटावी लागत नाही: तिच्यात वरची रेघ म्हणजे बारीक तार, गिटार कुठल्याही बाजूची असो. समोर बसलेल्या किंवा व्हिडिओतल्या उजव्या शिक्षकाची नक्कल डावखुऱ्याला इतरांपेक्षा सोपी जाते, कारण दोघांच्या गिटारची मान एकाच दिशेला असते.

अडलं की लगेच बाजू बदलणं

दोन महिने झाले, मूल रडकुंडीला आलंय, म्हणून गिटार फिरवायची? आधी अडतंय कुठे ते पाहा.

बोटं दुखतात, तर बाजूशी संबंध नाही. तारा फ्रेटपासून फार उंच आहेत का ते बघा, गिटार मोठी होतेय का ते बघा. कॉर्ड बदलायला वेळ लागतो, तर तो सगळ्यांनाच लागतो. एफ कॉर्ड कुठल्याच हाताला सुरुवातीला जमत नाही.

पण तारा बंद ठेवून नुसतं स्ट्रम केलं तरी ठेका तुटतो, पाय जमिनीवर बरोबर ताल देतोय आणि हात मात्र मागे राहतो, आणि गिटार फिरवल्याबरोबर तोच हात सुटतो, असं असेल तर बदला. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बदललं तर फार काही गमवावं लागत नाही. वर्ष-दीड वर्ष आनंदाने वाजवणाऱ्या मुलाला मात्र, 'तू खरा डावखुरा आहेस' म्हणून फिरवू नका. रुजलेला हात सहज बदलत नाही. ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डाव्या बाजूने वाजवणारा. 1965 मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या, म्हणजे फ्रेटवरच्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तरी त्याने बाजू बदलली नाही. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि त्याच हाताने पुढे वाजवत राहिला.

क्लासमध्ये एक साधी व्यवस्था शिक्षकांना नक्की सुचवा. डावखुऱ्या मुलाला रांगेत त्याच्या स्वतःच्या उजवीकडच्या टोकाला बसवा. मधे बसलं तर त्याच्या आणि शेजाऱ्याच्या गिटारच्या माना एकमेकींवर आपटतात, आणि दरवेळी 'सरक जरा' हे त्यालाच ऐकावं लागतं.