एकाच सर्व्हरवर तीन-चार वेब ॲप चालवताय? मग या चुका टाळा

ॲप वेगवेगळ्या मशीनवर असतात तेव्हा मस्त चालतात, एका सर्व्हरवर आणली की एकमेकांच्या पायात पाय घालायला लागतात, आणि मग बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात तर अख्खा सर्व्हर रीस्टार्ट. हीच पहिली चूक. रीस्टार्टनंतर कधीकधी सगळं चालायला लागतं सुद्धा, कारण या खेपेला दुसरं ॲप आधी उठलं एवढंच, पण मूळ भांडण तसंच राहतं आणि कुठली प्रोसेस कुठे अडकली होती हा पुरावा मात्र गेलेला असतो. आधी लॉग बघा, मग हात लावा.

लक्षात घ्या, जवळजवळ प्रत्येक ॲप असं धरून चालतं की अख्खी मशीन आपलीच आहे. त्यामुळे शोधताना मी एकच प्रश्न विचारतो, की या दोघांमध्ये सामायिक काय आहे? पोर्ट (ॲप ज्या नंबरवर ऐकतं तो), कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद), रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस), एन्व्हायर्नमेंट (ॲपला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग), मेमरी, डिस्क. उत्तर यातच कुठेतरी असतं.

पोर्टचं सगळ्यात सोपं, कारण तिथे ॲप सरळ ओरडतं, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. सूडो लावून एसएस कमांड चालवा, सोबत एल, टी, एन, पी हे फ्लॅग द्या, कुठलं पोर्ट कुणाच्या ताब्यात आहे ते दिसतं. दिसली ती प्रोसेस लगेच किल करू नका, सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्राम) रीस्टार्ट ऑलवेज असेल तर ती परत उठणारच. प्रत्येक ॲपला पोर्ट ठरवून द्या, ते कुठेतरी लिहून ठेवा, आणि ॲप १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरतं ऐकू द्या, बाहेर फक्त एन्जिनएक्सचे (रिक्वेस्ट आधी घेऊन योग्य ॲपकडे पाठवणारा वेब सर्व्हर) ८० आणि ४४३.

एन्जिनएक्समध्ये मात्र गंमत वेगळी, तिथे एरर येतच नाही, एका डोमेनवर चक्क दुसरीच साइट उघडते. होस्टचं नाव कुठल्याच सर्व्हर ब्लॉकशी (कॉन्फिगमधला एकेका साइटचा भाग) जुळलं नाही तर रिक्वेस्ट त्या पोर्टच्या डीफॉल्ट सर्व्हरकडे जाते, आणि डीफॉल्ट सांगितलाच नसेल तर जो ब्लॉक आधी वाचला गेला त्याच्याकडे. नेहमीचा प्रकार म्हणजे नवीन डोमेनसाठी ८० चा ब्लॉक लिहिला आणि ४४३ चा राहिला, मग एचटीटीपीएसने गेलं की शेजारच्या ॲपचं सर्टिफिकेट समोर येतं आणि ब्राउझर वॉर्निंग देतो. दोन फाइलमध्ये एकच सर्व्हर नेम असेल तर फक्त 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम, इग्नोर्ड' अशी वॉर्निंग येते आणि कॉन्फिगची टेस्ट (एन्जिनएक्स कमांडला छोटा टी फ्लॅग देऊन करतात ती) पास होते, म्हणून टेस्टचं आउटपुट शेवटपर्यंत वाचा. छोट्या टी ऐवजी मोठा टी दिला तर सगळ्या फाइल मिळून प्रत्यक्षात काय कॉन्फिग लागू होणार आहे ते छापून येतं, मला तर याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आता कुकी. यात माझे स्वतःचे दोन दिवस गेलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकाच आयपीवर दोन जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ॲप होती, एक ८००० वर, एक ८००१ वर. एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून आपोआप लॉगआउट. मी सेशन टाइमआउट बघत बसलो, डेटाबेस बघितला, सर्व्हरचं घड्याळ सुद्धा तपासलं. कारण एवढंच होतं की कुकी पोर्ट बघतच नाही, होस्ट तोच म्हणजे कुकी पण तीच. दोन्ही ॲपच्या कुकीचं नाव 'सेशनआयडी', त्यामुळे एक लिहायचं आणि दुसरं त्यावर खोडायचं. टॉमकॅट, पीएचपी, एक्सप्रेस सगळीकडे कुकीचं नाव आधीच ठरलेलं असतं, म्हणजे हे कुठेही होऊ शकतं. प्रत्येक ॲपच्या सेशन कुकीला वेगळं नाव द्या, सीएसआरएफ कुकीला (खोट्या फॉर्म रिक्वेस्ट अडवणारी) पण, आणि जमलं तर प्रत्येकाला वेगळं सबडोमेन द्या. पण मग कुकीच्या डोमेनमध्ये मुख्य डोमेन टाकू नका, नाहीतर ती परत सगळ्या सबडोमेनला जाते आणि आपण होतो तिथेच.

रेडिस शेअर करणं वाईट नाही, पण न ठरवता शेअर करणं वाईट. त्यात ० ते १५ असे १६ डेटाबेस आधीपासून असतात आणि सगळी ॲप ० वरच जाऊन बसतात. मग एकाच्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये 'फ्लशऑल' असतं आणि दुसऱ्याचे सगळे युजर बाहेर फेकले जातात. वेगळा नंबर दिला तरी फ्लशऑल सगळंच पुसतं, आणि पब-सब (रेडिसमधून संदेश पाठवायची सोय) तर नंबर मानतच नाही. सेलेरीचं (मेल पाठवण्यासारखी कामं रांगेत लावून वर्कर प्रोसेसकडून करून घेणारं टूल) अजून फसवं आहे, दोघांची डीफॉल्ट रांग एकाच नावाची, त्यामुळे या ॲपचं काम त्या ॲपचा वर्कर उचलतो, त्याला ते ओळखता येत नाही, 'अनरजिस्टर्ड टास्क' असं लॉगमध्ये लिहून टाकून देतो. काही मेल जातात, काही जात नाहीत असं दिसलं तर आधी हेच बघा. रांगेचं नाव वेगळं ठेवा, आणि डेटा महत्त्वाचा असेल तर सरळ वेगळा रेडिस चालवा.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे डेटाबेसचा पत्ता शेलच्या प्रोफाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवणं. डॉटएन्व्ह लायब्ररी (फाइलमधून सेटिंग वाचणारी) आधीपासून असलेली व्हॅल्यू सहसा बदलत नाही, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये बरोबर पत्ता असूनही मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) शेजारच्या ॲपच्या डेटाबेसवर चालू शकतं. प्रत्येक ॲपला वेगळा लिनक्स युजर, वेगळी एन्व्हायर्नमेंट फाइल, आणि डेटाबेसचा असा युजर द्या ज्याला फक्त स्वतःच्याच डेटाबेसवर हक्क आहे. एवढं केलं तर असं मायग्रेशन परवानगी नाही म्हणून जागीच थांबतं.

मेमरी संपली की कर्नल प्रोसेस मारतं, आणि मरतो तो गुन्हेगारच असेल असं नाही, बऱ्याचदा सगळ्यात मोठी प्रोसेस म्हणून डेटाबेसच जातो. अचानक ५०२ (मागचं ॲप उत्तर देत नाही असा एरर) आला तर कर्नल लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा, आणि सिस्टमडीमध्ये मेमरीमॅक्स, म्हणजे मेमरीची मर्यादा, लावा. डेटाबेस कनेक्शनचा हिशोब पण आधीच करा: ८ वर्कर, प्रत्येकाचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) ५, म्हणजे एका ॲपची ४०, तीन ॲपची १२०, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००.

डॉकर (प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) घेतला की सुटलो असं पण नाही. त्याचं कंपोज (एका फाइलवरून सगळे कंटेनर चालवणारं) प्रोजेक्टचं नाव फोल्डरवरून घेतो, त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणी 'ॲप' नावाचे फोल्डर असतील आणि दोन्हीत 'वेब' नावाची सर्व्हिस असेल तर एक वर आणताना दुसऱ्याचा कंटेनर बदलला जातो. 'ऑर्फन कंटेनर' (या फाइलमध्ये नसलेले, पण याच प्रोजेक्टच्या नावाचे कंटेनर) अशी वॉर्निंग दिसली तर लगेच थांबा, रिमूव्ह ऑर्फन्स देऊ नका, ते बिचारे दुसऱ्या ॲपचे चालू कंटेनर असू शकतात. कंपोज फाइलमध्ये सगळ्यात वर प्रोजेक्टचं नाव स्वतः लिहा, आणि ते लिहिण्याआधी जुन्या नावाने कुठले व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा ठेवायच्या जागा) बनलेत ते बघून घ्या, कारण नाव बदललं की कंपोज नवीन रिकामे व्हॉल्यूम बनवतो आणि डेटा उडाला असं वाटतं, तो असतो तिथेच, जुन्या नावाखाली.