बाघचाल खेळणारा प्रोग्राम: आधी चाली मोजा, मग डोकं घाला

नेपाळच्या बाघचालचा पट छोटा. 25 बिंदू, चार कोपऱ्यांत 4 वाघ, हातात 20 बकऱ्या. पहिली चाल बकरीची. सगळ्या बकऱ्या उतरेपर्यंत पटावरची एकही हलत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून फिरतो आणि शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या.

पट 25 बिटांच्या दोन आकड्यांत ठेवा: एक वाघांचा, एक बकऱ्यांचा. ओळ आणि स्तंभ 0 ते 4 धरले, तर बेरीज सम येते त्याच बिंदूंवरून तिरक्या रेषा जातात. पावलांचा आणि उड्यांचा तक्ता सुरुवातीलाच बनवून ठेवा. जाणं-येणं वेगळं धरून पावलं 112 आणि उड्या 80 भरल्या पाहिजेत. पावलं 144 भरली, तर तिरकी चाल सगळीकडे मोकळी सुटली आहे.

आता नुसत्या चाली मोजा. एका चालीनंतर 21 शक्यता, दोन चालींनंतर 252. वाघाला खेटून बकरी ठेवली की त्याचं एक पाऊल जातं, पण बदल्यात एक उडी मिळते. म्हणून बेरीज बदलत नाही. उत्तर 240 आलं, तर उड्या निघतच नाहीत. हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

चांगली चाल शोधायला अल्फा-बीटा पुरतं, म्हणजे पुढच्या चालींचं झाड तपासताना निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या सोडून देणं. खोली, म्हणजे किती चाली पुढे पाहायचं ते, 1, 2, 3 अशी वाढवत न्या, चालीला एखादा सेकंद द्या आणि उड्या आधी तपासा. तपासलेली स्थिती पुन्हा ओळखण्यासाठी तिला जो सांकेतिक आकडा (हॅश) देता, त्यात हातातल्या बकऱ्यांचा आकडा हवाच. पटावर 8 बकऱ्या दिसल्या, तरी हातात 12 आणि खाल्लेली एकही नाही ही स्थिती वेगळी, हातात 11 आणि खाल्लेली 1 ही वेगळी. हे विसरलं की प्रोग्राम मध्येच वेड्यासारखा खेळतो आणि चूक सापडता सापडत नाही. एकदा येऊन गेलेली स्थिती पुन्हा आली की बरोबरी धरून 0 गुण द्या.

खरी मेहनत स्थितीला गुण देण्यात आहे. नुसत्या खाल्लेल्या बकऱ्या मोजल्या, तर बकऱ्यांच्या बाजूला खेळायला दिशाच उरत नाही. सुरुवातीला असं धरा: खाल्लेली बकरी वाघाच्या बाजूने 100, आणि बकऱ्यांच्या बाजूने कोंडलेला वाघ 30 आणि वाघाला कुठूनही पोचता येणार नाही असा रिकामा बिंदू 10. हा शेवटचा घटक बहुतेकजण गाळतात, आणि बकऱ्यांचं संथ कुंपण तर त्यातूनच उभं राहतं. खोली संपताना वाघाची उडी शिल्लक असेल, तर ती खेळून मगच गुण द्या.

मॉन्टे कार्लोचा, म्हणजे यादृच्छिक डाव खेळवून निकालांवरून चाल निवडण्याचा, मोह इथे आवरा. यादृच्छिक डावांत बकऱ्या मूर्खासारख्या मरतात, त्यामुळे आकडे वाघाकडे झुकतात.

नवी आवृत्ती जुनीशी लढवताना पहिल्या 4 चाली यादृच्छिक ठेवा, नाहीतर 200 वेळा तोच एक डाव होईल. प्रत्येक सुरुवात बाजू बदलून दोनदा खेळवा. बरोबऱ्या वाढल्या म्हणून घाबरू नका: दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीतच सुटतो, हे लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट यांनी संगणकानेच सिद्ध केलं आहे.