किडनी प्रत्यारोपणानंतरची व्हिडिओ तपासणी : घरी कोणती तयारी ठेवावी

पुण्यात किंवा मुंबईत किडनी प्रत्यारोपण झालेला रुग्ण लातूर किंवा सिंधुदुर्गात राहत असेल, तर दहा मिनिटांच्या तपासणीसाठी त्याला रात्रीची गाडी धरावी लागते, सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ओपीडीच्या गर्दीत बसण्याचा धोका पत्करावा लागतो. प्रकृती स्थिर झाल्यावर यांतल्या बऱ्याच फेऱ्या व्हिडिओ तपासणीने वाचू शकतात. मात्र त्यासाठी घरी शिस्तीने नोंदी ठेवल्या पाहिजेत. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणे, सुरू झाले तरी अनेकदा काहीही दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते, रुग्णाला बरे वाटत असते आणि फक्त किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन चढू लागते. म्हणून ताजे रिपोर्ट हाती नसताना केलेल्या व्हिडिओ तपासणीला फारसा अर्थ नाही.

व्हिडिओ तपासणी कधीपासून सुरू करायची, हे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. पहिल्या तीन महिन्यांत औषधांचे प्रमाण वारंवार बदलते, मूत्रनलिकेत ठेवलेली तात्पुरती नळी (स्टेंट) काढायची असते, जखम पाहायची असते. तो काळ प्रत्यक्ष भेटींचाच आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार क्रिएटिनिनची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत दर आठवड्याला, चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दोन आठवड्यांनी, पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी व्हावी. व्हिडिओची सोय झाली म्हणून हे वेळापत्रक सैल होत नाही. रक्त तेवढे गावात दिले जाते.

टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची पातळी मोजण्यासाठीचे रक्त पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली असेल, तर सकाळी नऊच्या सुमारास रक्त द्यावे आणि सकाळची गोळी त्यानंतरच घ्यावी. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असल्यास हे अंतर चोवीस तासांचे असते. गोळी घेऊन मग रक्त दिले, तर पातळी खोटीच जास्त दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि किडनी संकटात येते. दोन व्हिडिओ तपासण्यांच्या मधे कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी ही चूक असल्याने शेवटचा डोस किती वाजता घेतला, हे लॅबच्या कागदावर लिहूनच द्यावे. लहान गावांतील लॅब हा नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवते, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतो. ठरलेल्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीच रक्त द्यावे. शक्यतो लॅब बदलू नये, कारण तपासण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो आणि मागच्या रिपोर्टशी तुलना करता येत नाही.

घरी वजनकाटा, थर्मामीटर आणि दंडावर पट्टा बांधण्याचे रक्तदाबयंत्र असावे. वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी घ्यावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा टाळावा आणि डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेल्या हातावर पट्टा बांधू नये. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड या दोन्हींमुळे साखर वाढू शकते, म्हणून सांगितले असल्यास तीही मोजावी. सर्व आकडे तारीख-वेळेसह एकाच वहीत लिहावेत आणि आदल्या दिवशी त्या पानांचे फोटो व रिपोर्टची पीडीएफ रुग्णालयातील प्रत्यारोपण युनिटच्या समन्वयकाकडे पाठवावी.

व्हिडिओ सुरू झाल्यावर औषधांची नावे तोंडी सांगण्यापेक्षा प्रत्येक स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरावी. औषधविक्रेत्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली असेल, तर ते इथेच उघड होते. टॅक्रोलिमसच्या बाबतीत कंपनी बदलल्यास पातळी पुन्हा तपासावी लागते, म्हणून असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. पायाला सूज आहे का हे कळावे म्हणून नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का, हे दाखवावे. नवी किडनी कमरेत मागे नसून ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते. तिथे हात ठेवून दुखते का, ते सांगावे.

गावातल्या डॉक्टरांना या साखळीत सुरुवातीपासून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांसारखी औषधे टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ती झपाट्याने खाली आणते आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके थेट किडनीला इजा करतात. नवे औषध सुरू करण्यापूर्वी दोन्ही डॉक्टरांचे एकाच कॉलवर बोलणे घडवून आणता येते. माझ्या मते टेलिमेडिसिनचा याहून मोठा उपयोग नाही. ई-संजीवनीसारखी सरकारी सेवा किरकोळ तक्रारींसाठी चांगली आहे, पण प्रत्यारोपणाच्या औषधांत तेथे परस्पर बदल करून घेऊ नये. खाण्यापिण्याविषयीही मोकळेपणाने विचारावे; गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघरी येणारे पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातले असून टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी तेही टाळावे.

काही लक्षणांसाठी व्हिडिओच्या तारखेची वाट पाहू नये. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, लघवी कमी होणे, एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणे, किडनीच्या जागी दुखणे, धाप लागणे, किंवा उलटीतून गोळी पडणे असे काही झाल्यास युनिटला तत्काळ फोन करून सांगतील तिथे पोहोचावे. जुलाबही याच यादीत येतात, कारण त्यांत शरीरातले पाणी कमी होते आणि टॅक्रोलिमसची पातळी मात्र वाढते. स्टेरॉइडमुळे ताप झाकला जाऊ शकतो, म्हणून नुसता गळाठा आला असला तरी कळवावे.

२५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, फोन किंवा संदेशाद्वारे सल्ला देऊ शकतात, आणि गरज वाटल्यास तो थांबवून प्रत्यक्ष बोलावू शकतात; तसे बोलावणे आले की जावेच. डोस बदलला असल्यास तो कॉल संपण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावा, डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी हाती येईपर्यंत नवा डोस सुरू करू नये, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख लगेच वहीत लिहावी.