सायकलने कोकण किनारा : या चुका टाळा

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईकडून सायकलने कोकणात उतरणाऱ्यांची लगबग सुरू होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम असतो, आणि रेवसपासून रेडीपर्यंत खाड्या ओलांडत जाणारा सागरी मार्ग हा माझ्या मते महाराष्ट्रातील लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासासाठी सर्वांत सुंदर मार्ग आहे. या मार्गावर मी अनेक वर्षे नवख्या मंडळींच्या सोबतीने जात आलो आहे आणि दर हिवाळ्यात त्याच त्या चुका पाहून मनापासून वाईट वाटते, कारण त्या चुकांपायी उत्साहाने निघालेली माणसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एसटीने घरी परततात आणि पुन्हा कधी अशा प्रवासाला निघत नाहीत. यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. दूरचा प्रवास म्हणजे रविवारची लांब फेरी, फक्त जरा जास्त दिवसांची, असे लोक धरून चालतात. रविवारची फेरी दुपारी घरी पोहोचल्यावर संपते. प्रवासात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पायांनी आणि त्याच सायकलवर पुन्हा निघायचे असते.

किनारा म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत

सर्वांत जास्त माणसे या चुकीमुळे गळतात. रस्ता समुद्राच्या कडेने जातो म्हणजे चढ नसणार, असे नकाशा पाहून वाटते. प्रत्यक्षात कोकणात दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा उंच सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, असतो. रस्ता खाडीच्या पाण्यापाशी उतरतो, पलीकडे गेला की लगेच सड्यावर चढतो, सड्यावर थोडा वेळ उघड्या उन्हातून चालतो आणि पुन्हा पुढच्या गावात नारळी-पोफळीच्या बागांत उतरतो. राजापुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा प्रत्येक खाडीपाशी हेच घडते. यांतला एकेक चढ घाटासारखा लांब नसतो, पण तो खडा असतो आणि दिवसभर त्यांची रांग संपत नाही. त्यातच फेरीबोटीत बसून पाय थंड झालेले असतात आणि धोपावे किंवा जयगडच्या धक्क्यावर उतरताच चढ समोर उभा राहतो.

एका वर्षी पुण्यातील चार मित्र आमच्यासोबत होते. चौघेही लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारे, अंगाने काटक. हरिहरेश्वरहून निघून त्याच दिवशी गुहागर गाठायचे, असे त्यांनी ठरवले होते. नकाशात अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास दिसत होते आणि तेवढे ते दर पंधरा दिवसांनी करतच होते. हर्णैला मुक्काम करावा, हे माझे म्हणणे त्यांना फार सावध वाटले. बागमांडल्याहून बोटीने वेसवीला उतरल्यावर त्यांच्यातील सर्वांत ताकदीच्या तरुणाने प्रत्येक चढ सीटवरून उठून, जड गिअरवर, इतरांच्या पुढे जाण्यासाठी मारला. केळशी गेली, आंजर्ले गेले, बुरोंडीचा चढही त्याने तसाच पार केला. ते चौघे रात्री उशिरा गुहागरला पोहोचले, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तरुणाला जिना उतरताना गुडघा वाकवता येईना. तो तिथूनच एसटीने परत गेला, आणि पुढचा सगळा किनारा, ज्यासाठी त्याने रजा काढली होती, त्याला पाहायला मिळाला नाही. ताकदीची कमतरता त्याच्यात मुळीच नव्हती. ताकद दोन दिवसांत वाटायची असते, हे त्याला कोणी पटवून देऊ शकले नाही.

माझी पद्धत साधी आहे. सामानासह कोकणात दिवसाला ६० ते ७० किलोमीटर धरावेत आणि पहिल्या दिवशी त्याहूनही कमी. मार्ग आखताना अंतराइतकेच एकूण चढाचे मीटर पाहावेत. आता बहुतेक नकाशांत ते दिसतात. वाटेत चौकशी करायची असेल तर एसटीच्या चालकाला विचारावे, कारण दुचाकीस्वाराला चढ जाणवत नाही आणि तो आपुलकीने ‘थोडासाच चढ आहे, दादा’ असे सांगून आपल्याला पुढे पाठवतो. चढ बसून, हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच दमाने चढावा. त्यासाठी सायकललाही तसे गिअर हवेत. पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दातांहून अधिक नसावेत, हा माझा ठोकताळा आहे. पुढे ३४ आणि मागे २८ दात असलेली सायकल रिकामी असताना कितीही चपळ वाटली, तरी सामान लादल्यावर जांभ्याच्या चढावर गुडघ्यांची परीक्षा पाहते. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, ३४ दातांची करून घेण्याचा खर्च नव्या हेल्मेटवरील कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सत्कारणी लागतो.

सरावही याच अंगाने करावा. एका रविवारी दीडशे किलोमीटर करण्यापेक्षा शनिवार आणि रविवार लागोपाठ, पिशव्यांत खरेखुरे सामान भरून, पन्नास-साठ किलोमीटर करावेत. पुण्याच्या लोकांना सिंहगडाचा चढ हाताशी आहे. रविवारी सकाळी अंग जे सांगते तेच प्रवासात रोज सकाळी सांगणार असते.

गुडघे, हात आणि सीट

सीट खाली ठेवून पाय जमिनीला टेकतील अशी सायकल चालवण्याची सवय अनेकांना असते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर बहुधा सीट खाली आहे; मागच्या बाजूला ताण आला तर ती वर आहे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे पाऊल नेहमीच्या जागी ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. फरक करायचा तर तो काही मिलिमीटरांचाच करावा आणि दिवसभर चालवून पाहावा.

रुंद, मऊ सीट घेतल्याने आराम मिळतो ही समजूत पहिल्या तासापुरतीच खरी असते. नंतर तीच मांड्यांना घासू लागते. गादी असलेली शॉर्ट अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे कित्येकांना दुकानात कोणी सांगतच नाही. ती रोज रात्री धुवावी आणि तशा दोन असाव्यात. नवी सीट, नवे बूट किंवा नवे हँडल प्रवासाच्या पहिल्या दिवशी बसवू नये. बोटे बधिर होऊ लागली तर कोपर सैल सोडावेत आणि हँडलवरील पकड वारंवार बदलावी.

ट्यूब बदलली, काटा तिथेच

ही माझ्या मते सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे आणि ती केवळ घाईमुळे होते. जयगडच्या बंदराकडे जड वाहनांची ये-जा असते आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरमधील बारीक तारा रस्त्यावर विखुरलेल्या असतात. त्या केसाएवढ्या बारीक असतात, टायरमध्ये शिरतात आणि बाहेरून अजिबात दिसत नाहीत. एकदा आमच्यातील एका तरुणाची मागची ट्यूब तिथे बसली. त्याने दहा मिनिटांच्या आत नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि तो निघालाही. त्याच्या चपळाईचे सर्वांनी कौतुक केले. काही अंतरावर पुन्हा हवा गेली. त्याने दुसरी ट्यूब घातली. मालगुंडच्या अलीकडे तीही गेली. मग मित्राची उसनी घेतलेली ट्यूबही गेली, आणि सूर्य डोक्यावर आलेला असताना सगळे सड्यावर, झाडाचे पानही नसलेल्या जागी, उभे राहिले. ‘ट्यूबच खराब निघाल्या’ असे तो म्हणत होता.

मी चारही ट्यूब मागून घेतल्या, त्यांत थोडी थोडी हवा भरली आणि व्हॉल्व्हपासून छिद्र किती अंतरावर आहे ते मोजले. चारही छिद्रे जवळपास एकाच ठिकाणी, ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला होती. टायरमध्ये त्याच जागी कापसाचा बोळा आतून फिरवला तेव्हा त्याचे धागे एका ठिकाणी अडकले. टायर उलटा वाकवल्यावर तारेचे चकाकणारे टोक दिसले, आणि चिमट्याने ओढल्यावर पापणीच्या केसाएवढी तार बाहेर आली. चार ट्यूब आणि अर्धी सकाळ त्या तारेने घेतली होती. पहिल्याच वेळी पाच मिनिटे अधिक दिली असती तर यातले काहीच झाले नसते.

म्हणून माझ्या टायरवरील कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असे मी बसवतो, म्हणजे ट्यूबमधील छिद्रावरून टायरमधील जागा ताबडतोब सापडते. छिद्र बाहेरच्या अंगाला असेल तर दोष टायरमध्ये असतो. आतल्या अंगाला असेल तर रिमची पट्टी सरकलेली असते किंवा आऱ्याचे टोक टोचत असते. शेजारी शेजारी दोन छिद्रे असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपली गेली, असे समजावे. कारण सापडल्याशिवाय नवी ट्यूब आत जाऊ देऊ नये. पॅच लावताना सोल्यूशन ओले असतानाच तो दाबून टाकण्याची घाईही तितकीच वाईट. सोल्यूशनची चमक जाईपर्यंत थांबावे लागते. रस्त्यात ट्यूब बदलावी आणि पॅचचे काम रात्री मुक्कामी, उजेडात, निवांतपणे करावे. आणि तुमच्या ट्यूबला बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर सोबत असलाच पाहिजे, कारण गावातील पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय बसत नाही.

खारे पाणी

गुहागरला किंवा श्रीवर्धनला ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल चालवण्याचा मोह होतो आणि छायाचित्रेही सुंदर येतात. मला तो मोह समजतो, तरीही मी सोबतच्यांना स्पष्ट नकार देतो. खारे पाणी आणि बारीक वाळू चेनच्या प्रत्येक कडीत, पेडलच्या आसात आणि बेअरिंगमध्ये शिरते. रात्रभरात चेनवर तांबूस थर येतो आणि सकाळी चढावर गिअर उड्या मारू लागतात. चूक झालीच असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या बादलीने सायकल धुवावी. गाडी धुण्याच्या केंद्रातील जोरदार फवारा मात्र बेअरिंगवर मारू नये, त्याने वाळू आणखी आत जाते. मग फडक्याने चेन कोरडी करून थोडे तेल सोडावे, पेडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. चेनबाहेर राहिलेले तेल फक्त कोकणातील तांबडी धूळ गोळा करते.

बाकीच्या गोष्टी

सामान पाठीवर घेऊ नये. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावून जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. जड सामानाने मागच्या चाकाचे आरे तुटतात, आणि तेही बहुधा गिअरच्या बाजूचे, त्यामुळे योग्य लांबीचे दोन-तीन आरे सोबत असावेत आणि निघण्यापूर्वी चाक जाणत्या कारागिराकडून सरळ करून घ्यावे. खाडीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत, थोडे दाबून सोडत राहावे. फेरीबोटीची वेळ त्याच दिवशी सकाळी विचारून घ्यावी, कारण दाभोळची बोट चुकली तर रस्त्याने चिपळूणवरून वळसा पडतो.

नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही. दमट हवेत घामावाटे मीठही जाते. ओआरएसच्या पुड्या ठेवाव्यातच, पण मीठ घातलेले कोकम सरबत गावोगाव मिळते आणि ते मला अधिक मानवते. भरपेट मासळीचे ताट संध्याकाळसाठी राखावे. उजाडताच निघावे आणि उन्हाच्या ऐन वेळी थांबावे. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे अधिक सुखाचे.

वेळ वाचवण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ धरणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही. तिथे तुम्ही लवकर पोहोचाल, पण अवजड वाहनांच्या शेजारून जाताना रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारखा समुद्र दिसणार नाही, आणि रस्त्याच्या कडेला थांबून कोणाशी बोलताही येणार नाही.

परतीच्या गाडीत

कोकण रेल्वेने परतताना सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमधून जाते. पार्सलची सोय प्रत्येक स्थानकात नसते आणि गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन चौकशी करावी आणि गाडीच्या पुष्कळ आधी पोहोचावे. सायकल आडवी ठेवली जाणार हे गृहीत धरून पेडल काढावेत, हँडल वळवून बांधावे आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, पुठ्ठ्याने झाकावा. तो ज्या लहानशा हँगरवर टांगलेला असतो, तो मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो आणि दुसऱ्या सामानाखाली सहज वाकतो. घरी आल्यावर लोक सायकल तशीच बाहेर काढतात, पहिल्याच चढावर सर्वांत हलका गिअर टाकतात आणि वाकलेला डिरेलर थेट आऱ्यांत अडकतो. म्हणून सायकल उतरवून घेतल्यावर मागे उभे राहून डिरेलर चकत्यांच्या रेषेत सरळ आहे का ते पाहावे, मागचे चाक उचलून सगळे गिअर एकदा हाताने फिरवावेत, आणि आपल्याच मॉडेलचा एक जादा हँगर अवजारांच्या पिशवीत कायम असू द्यावा; तो दुसऱ्या सायकलचा बसत नाही आणि गावात तर मिळतच नाही.