डॅलसकडे घर घेताय? लोनच्या रेटच्या आधी इन्शुरन्सचं डिडक्टिबल बघा

डॅलसला नवीन आलेली आपली मंडळी दोन-तीन वर्षांत घराच्या मागे लागतातच, फ्रिस्को, प्लेनो, मकिनी, आणि आता बजेटमुळे अजून वर प्रॉस्पर-सेलाइनाकडे. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, रेट खाली येतील का, थांबू का? २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांच्या होम लोनचा रेट २.६५ टक्के होता, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ७.७९ ला जाऊन आला, आणि त्यानंतर सहा-सातच्या आसपास घुटमळतोय. उद्या खाली आला तर रिफायनान्स, म्हणजे नव्या रेटने लोन बदलून, घेता येईल. प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्सचं तसं नाही, ते दर वर्षी नव्याने ठरतात, आणि टेक्सासमध्ये घर जड जातं ते बहुतेक वेळा या दोन्हींमुळे. हप्ता तीस वर्षं फिक्स आहे असं लोनवाला सांगतो ना, ते फक्त मुद्दल आणि व्याजाचं असतं, टॅक्स आणि इन्शुरन्स एस्क्रोमधून, म्हणजे त्यासाठी लेंडर दर महिन्याला तुमच्याकडून पैसे जमवतो त्या खात्यातून जातात आणि एस्क्रो वाढला की हप्ता वाढला.

बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यांनी तर हे नीट ऐका. इथे टॅक्ससाठी घराची किंमत १ जानेवारीला जे उभं असेल त्यावर धरतात. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसती जमीन किंवा अर्धवट सांगाडा असेल तर पहिल्या वर्षीचा टॅक्स अगदी थोडा येतो, एस्क्रोही पुष्कळदा त्याच हिशोबाने लावतात, आणि पुढच्या वर्षी पूर्ण घराचा टॅक्स आला की लेंडरचं शॉर्टेजचं पत्र येतं आणि महिन्याचा हप्ता कधी कधी कित्येक शे डॉलरनी वर जातो. त्यामुळे पहिल्या महिन्यापासूनच फरक बाजूला ठेवत जा. राहायला गेलात की काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणारं ऑफिस) होमस्टेड एक्झम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या सुटीचा फॉर्म भरा, शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून वजा होणारी रक्कम २०२३ मध्ये १ लाख डॉलर झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या मतदानाने १ लाख ४० हजार. एच-१बी वर असलात तरी मिळते, ड्रायव्हिंग लायसन्सवर नव्या घराचा पत्ता मात्र करून घ्या. फॉर्म फुकट आहे, पैसे मागणारी पत्रं येतात ती सरळ फाडून टाका.

आता इन्शुरन्स. घरांचे भाव थंडावले तर प्रीमियम का वाढतोय असं सगळे विचारतात. ऑस्टिनला २०२२ नंतर भाव चांगलेच उतरले, तिथलेही लोक हेच विचारतात. कारण इन्शुरन्स कंपनी बाजारभाव बघतच नाही, घर पडलं तर परत बांधायला किती लागतील ते बघते, आणि लाकूड, शिंगल्स (छपरावर बसवतात त्या पट्ट्या), मजुरी हे २०२० नंतर जे वर गेलं ते परत पूर्वीच्या जागी आलं नाही. त्यात गारा. मार्च ते जून इथे गारपिटीचा सीझन, आणि आपल्याकडच्या वळवाच्या गारा डोळ्यासमोर आणू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये डॅलसजवळच्या वायलीला बेसबॉलएवढ्या गारा पडल्या, छपरं गेली, खिडक्या फुटल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सॅन अँटोनियोत पुन्हा तेच. एका संध्याकाळी हजारो छपरं बदलायची म्हटली की तो खर्च सगळ्यांच्या प्रीमियममध्ये येतो, तुम्ही आयुष्यात एक क्लेम केलेला नसला तरी.

म्हणून पॉलिसी आली की पहिलं डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीचा सारांश असलेलं पान उघडा आणि 'विंड अँड हेल डिडक्टिबल' ही ओळ शोधा, म्हणजे वारा-गारांच्या नुकसानीत आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. तिथे सहसा डॉलर नसतात, टक्के असतात, १ किंवा २, आणि ते नुकसानीचे नाहीत, घराच्या ड्वेलिंग कव्हरेजचे, म्हणजे घर परत बांधायला पॉलिसीत धरलेल्या रकमेचे. म्हणजे कव्हरेज साडेचार लाख आणि डिडक्टिबल २ टक्के असेल तर पहिले ९,००० डॉलर तुमच्या खिशातले. प्रीमियम दोनशे-तीनशे डॉलरनी कमी दाखवायला एजंट गुपचूप १ चे २ करतो, कोटेशन छान दिसतं, आणि गारा पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच पानावर छप्पर 'रिप्लेसमेंट कॉस्ट' वर (नव्या छपराचा खर्च) आहे का 'अॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू' वर ते बघा. दुसरं असेल तर छपराचं वय वजा करून पैसे देतात, बारा-पंधरा वर्षं जुन्या छपराला डिडक्टिबल कापून हातात जवळजवळ काहीच येत नाही. बऱ्याच कंपन्या छप्पर दहा वर्षांचं झालं की स्वतःच रिन्यूअलला हा बदल करतात, पत्रात एक ओळ असते, तेवढ्यासाठी रिन्यूअलचं पाकीट न वाचता ड्रॉवरमध्ये टाकू नका. जुनं घर घेत असाल तर ऑप्शन पिरियड (खरेदीचा करार मोडता येतो ते दिवस) संपायच्या आत इन्शुरन्सचं कोटेशन घ्या आणि विकणाऱ्याकडे घराचा क्लू रिपोर्ट मागा, आधीचे क्लेम त्यात दिसतात.

गारा पडून गेल्या की दोन दिवसांत दारावर रूफर, म्हणजे छप्पर घालणारे कंत्राटदार येतात. 'फ्री इन्स्पेक्शन' म्हणत वर चढतात, शिंगल्सवर खडूने गोल काढतात, फोटो दाखवतात आणि लगेच टॅबलेटवर सही मागतात. सही करू नका. टेक्सासमध्ये रूफरला राज्याचं लायसन्स लागतच नाही, कोणीही उद्यापासून रूफर होऊ शकतो, म्हणून स्थानिक, जुना, शेजाऱ्यांनी काम करून घेतलेला माणूस शोधा. 'डिडक्टिबल आम्ही सोडून देतो' असं म्हणाला तर तिथेच दार लावा, १ सप्टेंबर २०१९ पासून ते सरळ बेकायदेशीर आहे आणि इन्शुरन्स कंपनी क्लेमचे राखून ठेवलेले पैसे द्यायच्या आधी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते. तुम्ही स्वतः काय करायचं, तर गारांचा शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्याच्या पात्या आणि छपराच्या कडेच्या पन्हळी दबल्यात का बघा. नवीन छप्पर घालायचंच झालं तर क्लास ४ च्या, म्हणजे गारांचा मार सर्वांत चांगला सोसणाऱ्या शिंगल्स घाला, प्रीमियममध्ये बहुतेक वेळा सूट मिळते.

पुराचं नुकसान घराच्या या पॉलिसीत नसतं, हे ह्यूस्टन, केटी, शुगरलँडकडे जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो. २०१७ ला हार्वे वादळात पाणी शिरलेल्या बहुतेक घरांना फ्लड इन्शुरन्स नव्हता. सरकारी पॉलिसी घराला अडीच लाख आणि सामानाला १ लाखापर्यंत मिळते, पण साधारण ३० दिवस थांबावं लागतं, वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही. फाउंडेशनही तसंच. इथली काळी चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, घर बसतं, भिंतीला चिरा जातात, आणि कंपनी हात वर करते. उन्हाळाभर घराभोवती सोकर होज (हळूहळू पाणी झिरपवणारा पाइप) लावून माती ओलसर ठेवणं हाच इलाज.

सोन्याबद्दल आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही. साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला पुष्कळदा दीड-दोन हजार डॉलरचीच मर्यादा असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनं औंसाला ४,००० च्या वर गेलं, म्हणजे दहा ग्रॅमच १,२०० च्या पुढे, तेव्हा आईने दिलेल्या पाटल्या-तोडे तर सोडाच, एक मंगळसूत्रही त्यात बसत नाही. अप्रेझल करून दागिने पॉलिसीत वेगळे लिहून घ्या, नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

डिसेंबरमध्ये भारतात जाताना हीट बंद करून जाऊ नका, ५५ फॅरनहाइटवर ठेवा आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, तो सहसा पुढच्या अंगणात कडेच्या झाकणाखाली असतो. २०२१ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीने इथे कितीतरी घरांचे पाइप फुटले, आणि हीट चालू नसेल, पाणीही बंद केलं नसेल, तर कंपनी पैसे नाकारू शकते. घर ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की काही कव्हर बंद पडतं असंही कलम असतं, लांब जाणार असाल तर ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

आणि दर वर्षी रिन्यूअलच्या दीड महिना आधी दुसरीकडे कोटेशन मागा, इंडिपेंडंट एजंट एका वेळी अनेक कंपन्यांचे भाव काढून देतो, फक्त डिडक्टिबल आणि छपराची अट सारखी ठेवून तुलना करा. कंपनी बदललीत तर नवं डिक्लरेशन पेज त्याच दिवशी लेंडरला पाठवा, नाहीतर तो स्वतःची महागडी पॉलिसी लावतो, आणि जुन्या कंपनीचा रिफंडचा चेक तुमच्या नावाने आला की तो खर्च न करता परत एस्क्रोत भरा.