नव्या ड्राइव्हवर सिस्टम टाकण्याआधीची तयारी

नव्या ड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशन शंभर टक्के पूर्ण होतं, मशीन रिस्टार्ट होतं आणि काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटतं. पहिला संशय नव्या ड्राइव्हवर जातो, पण बहुतेकदा तो ठणठणीत असतो. चूक सेटअप सुरू करण्याआधीच झालेली असते, म्हणून ही सगळी आधीची कामं.

बॅकअप घ्या, हे सांगायला नकोच. मात्र जुन्या विंडोजवर बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींना हात लावला की जुनी सिस्टम ती मागू शकते, आणि रिकव्हरी की त्याच ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये अडकलेली असेल तर ती वाचणार कशी?

ड्राइव्ह विकत घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. एम डॉट टू हा फक्त ड्राइव्हचा आणि त्याच्या स्लॉटचा आकार झाला. त्या आकारात सॅटाही येतो आणि एनव्हीएमईही, म्हणजे जोडणीचे दोन वेगळे प्रकार. स्लॉट नुसता एनव्हीएमईचा असेल तर सॅटाचा ड्राइव्ह त्यात बसूनही बायॉसला दिसत नाही. काही बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट भरला की एखादा सॅटा पोर्ट बंद होतो, तेही त्याच मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बायॉसमध्ये तारीख मागे गेलेली दिसली तर बोर्डावरचा सेल आधी बदला, नाहीतर केलेल्या सेटिंग्ज पुसल्या जाण्याची भीती राहते.

बायॉसला ड्राइव्ह दिसतो पण विंडोजच्या सेटअपमध्ये यादी रिकामी, असं इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा होतं. कारण व्हीएमडी, म्हणजे ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची व्यवस्था. त्याचा आरएसटी ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून उतरवून, अनझिप करून पेन ड्राइव्हवर ठेवा. सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवता येतो. व्हीएमडी बंद करूनही काम भागतं, पण ते चालू असताना टाकलेली जुनी विंडोज मग बूट व्हायला नकार देऊ शकते.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिथे चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासायचा आकडा) दिलेला असेल तर ताडून पाहा. फाइली नुसत्या कॉपी करू नका: फॅट३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं रूफससारखं टूल वापरा, त्यात जीपीटी (डिस्कचे भाग पाडण्याची नवी मांडणी) आणि यूईएफआय (मशीन बूट करण्याची नवी पद्धत) निवडा.

आता खरी मेख. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहून. दुसरा निवडायचा. पहिला निवडलात तर सेटअप लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने चालू होतो आणि कोऱ्या ड्राइव्हवर काही न विचारता एमबीआर ही जुनी मांडणी करतो. ही मांडणी १९८३ सालची आहे आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा तिला वापरता येत नाही. पुढे कधी सीएसएम (लेगसी बूट चालू देणारं बायॉसमधलं सेटिंग) बंद झालं की तो ड्राइव्ह बूट होत नाही. म्हणून सीएसएम आधीच बंद करा. ‘निवडलेली डिस्क जीपीटी आहे’ अशी तक्रार सेटअपने केली तर डिस्क एमबीआर करत बसू नका. बाहेर पडा आणि पेन ड्राइव्ह यूईएफआयने बूट करा.

आणि जुना ड्राइव्ह काढून ठेवा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि सगळ्यात जास्त त्रास यातूनच होतो. जुन्या ड्राइव्हवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा भाग) सापडलं की विंडोजचा सेटअप बूटच्या फाइली तिथेच टाकू शकतो. सिस्टम मात्र नव्यावर. सगळं सुरळीत चालतं, आणि काही महिन्यांनी जुना ड्राइव्ह फॉरमॅट केला की नवा बूट होत नाही. काढणं शक्य नसेल तर बायॉसमध्ये तो पोर्ट बंद करता येतो का पाहा.

सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबा, उघडलेल्या कमांडच्या खिडकीत डिस्कपार्ट हे डिस्क हाताळणारं टूल उघडून ‘लिस्ट डिस्क’ टाइप करा. १ टीबीचा ड्राइव्ह तिथे ९३१ जीबी दिसतो, तो बरोबरच आहे. इन्स्टॉलनंतर त्याच ओळीत जीपीटीच्या रकान्यात तारा हवा. अख्खी डिस्क कोरी करणारी ‘क्लीन’ ही कमांड द्यायची वेळ आलीच तर डिस्कचा क्रमांक दोनदा वाचा.

पहिल्या रिस्टार्टला पेन ड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. पण तो पुसू नका: नवा ड्राइव्ह तरीही बूट झाला नाही तर त्याच पेन ड्राइव्हवरून बीसीडीबूट ही कमांड चालवून बूटच्या फाइली पुन्हा लिहिता येतात. नवा ड्राइव्ह एकटा दोन-तीनदा नीट चालू झाला की मगच जुना जोडा, आणि बूटच्या क्रमात नव्या ड्राइव्हचा ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आहे का ते बघा.